ऊन, काच आणि हाडे : नाशिकच्या मुडदूस-अभ्यासापासून पाळीव सरड्याच्या अतिनील दिव्यापर्यंत

प्रास्ताविक

मिरजोळे हे रत्नागिरी शहराला लागून असलेले गाव. औद्योगिक वसाहतीमुळे त्याचे नाव आता कारखान्यांशी जोडले गेले असले, तरी जांभ्या दगडाचे गडगे, उघडा कातळ आणि त्यांवर पडणारे कोकणातील कडक ऊन यांनीच या परिसराचे मूळ रूप घडविले आहे. पावसाळा सरला की सकाळी गडग्यावर सरडा येऊन बसतो. अंग चपटे करून, मान उंचावून तो ऊन घेतो आणि अंग पुरेसे तापल्यावर भक्ष्याच्या शोधात निघतो. ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण त्याच्या मर्यादेवर बोट ठेवते. परंतु कुंपण हीच त्याची ऊन घेण्याची जागा आहे आणि या उन्हावरच त्याच्या हाडांचे बळ अवलंबून आहे, ही बाजू म्हणीत येत नाही.

गडग्यावरच्या या सरड्याचा एक दूरचा नातलग आज जगभरातील घरांत काचेच्या पेटीत पाळला जातो. ऑस्ट्रेलियातील हा प्राणी ‘बिअर्डेड ड्रॅगन’, म्हणजेच दाढीवाला सरडा, या नावाने ओळखला जातो. त्याच्या पेटीत अतिनील ‘ब’ किरण देणारा दिवा असणे अत्यावश्यक मानले जाते. वरवर पाहता ही हौशी माणसाच्या छंदातील एक तांत्रिक बाब वाटते. प्रत्यक्षात या दिव्यामागे एका मानवी रोगाचा, मुडदुसाचा, इतिहास उभा आहे आणि त्या इतिहासातील एक महत्त्वाचे पान महाराष्ट्रात, नाशिक येथे लिहिले गेले आहे. प्रस्तुत निबंधात या इतिहासाचा आढावा घेऊन पाळीव सरड्याच्या योग्य प्रकाशयोजनेचा विचार त्याच्या आधारे केला आहे.

सरड्यांचे कूळ : देशी आणि परदेशी

बागेत व कुंपणावर दिसणारा आपला सरडा आणि ऑस्ट्रेलियातील दाढीवाला सरडा हे दोघेही ‘अ‍ॅगॅमिडी’ या एकाच कुळातील प्राणी होत. हे कूळ मुख्यतः दिनचर आहे. महाराष्ट्राच्या माळांवर व सड्यांवर आढळणारे, गळ्याखाली रंगीत पंखा फुलविणारे सरडेही याच कुळात मोडतात. त्यांच्यातील काही जातींसाठी २०१६ साली शास्त्रज्ञांनी नवी प्रजाती स्थापन केली व तिला ‘सरडा’ हेच मराठी नाव दिले. प्राणिशास्त्राच्या लॅटिन नामावलीत मराठी शब्द असा जसाच्या तसा जाऊन बसल्याचे हे उल्लेखनीय उदाहरण आहे.

दाढीवाल्या सरड्याच्या सर्वाधिक पाळल्या जाणाऱ्या जातीचे शास्त्रीय नाव ‘पोगोना व्हिटिसेप्स’ असे आहे. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ अर्न्स्ट आल यांनी १९२६ साली तिचे प्रथम वर्णन केले. पूर्व व मध्य ऑस्ट्रेलियाचा कोरडा व निमकोरडा प्रदेश हे तिचे मूळ वसतिस्थान. ऑस्ट्रेलियातून जिवंत देशी सरपटणाऱ्या प्राण्यांची व्यापारी निर्यात करण्यास बंदी आहे. त्यामुळे इतर देशांतील घरांत दिसणारे हे प्राणी बंदिवासात वाढलेल्या पिढ्यांचे वंशज आहेत. पिढ्यान्‌पिढ्या पेटीत जन्म घेऊनही त्यांची उन्हाची गरज मात्र बदललेली नाही. सरडा रंग बदलतो याला आपण लबाडीचे प्रतीक मानतो. दाढीवाला सरडा थंड असताना पाठ गडद करून अधिक उष्णता शोषतो व तापल्यावर फिका पडतो. म्हणजे त्याचे रंग बदलणे हाही मोठ्या अंशी उन्हाशी असलेला व्यवहारच आहे.

अन्न की ऊन : एका वादाचा इतिहास

जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य किरण जर्मन शास्त्रज्ञ योहान रिटर यांनी १८०१ साली शोधून काढले. या किरणांचा औषधी उपयोग प्रतिष्ठित होण्यास मात्र शतक जावे लागले. डेन्मार्कचे नील्स फिन्सेन यांनी त्वचेच्या क्षयावर विद्युत कमानीच्या दिव्याने उपचार केले आणि त्याबद्दल त्यांना १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कृत्रिम दिवा सूर्याचे काम काही अंशी करू शकतो, हे यातून जगाला पटले.

त्याच काळात युरोपातील औद्योगिक शहरांत मुडदुसाने थैमान घातले होते. धुराने काळवंडलेल्या गल्ल्यांत वाढणाऱ्या मुलांचे पाय धनुष्यासारखे वाकत, छातीचा पिंजरा बेढब होई आणि कवटी मऊ राही. या रोगाचे कारण कोणते, यावर वैद्यकात तीव्र मतभेद होते. एक पक्ष अन्नातील उणिवेला दोष देत होता; दुसरा पक्ष कोंदट घरे, व्यायामाचा अभाव आणि सूर्यप्रकाशाची वाण यांकडे बोट दाखवीत होता. जपानमध्ये मिशनरी डॉक्टर म्हणून काम केलेले थिओबाल्ड पाम यांनी १८९० साली निरनिराळ्या देशांतील माहिती एकत्र करून सूर्यप्रकाशाचा अभाव हेच मूळ कारण असल्याचे प्रतिपादन केले होते. पण त्याकडे फारसे लक्ष दिले गेले नाही.

पहिल्या महायुद्धानंतर या वादाला निर्णायक वळण मिळाले. १९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांना क्वार्ट्‌झच्या पारा-दिव्याचा प्रकाश दिला आणि त्यांची हाडे सुधारत असल्याचे क्ष-किरण चित्रांनी दाखविले. एका हातावर प्रकाश दिला तरी दुसऱ्या हाताची हाडेही भरून येत, हे त्यांचे निरीक्षण विशेष महत्त्वाचे होते. कारण त्वचेत तयार झालेला काही पदार्थ रक्तावाटे सर्व शरीरात पोहोचतो, असा त्याचा अर्थ होता. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून आहाराचे महत्त्व दाखविले. कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने रोग टळतो, असे त्यांना आढळले. दोन्ही पक्षांच्या हाती पुरावा होता आणि दोघेही एकमेकांच्या विरोधात उभे होते.

नाशिक, १९२२

या वादात उष्ण कटिबंधाची साक्ष महत्त्वाची ठरणार होती. बारा महिने ऊन असलेल्या प्रदेशात मुडदूस नसावा, अशी सर्वसाधारण समजूत होती. एच. एस. हचिसन व एस. जे. शाह यांनी नाशिक येथे केलेल्या अभ्यासाने ही समजूत तपासली गेली. त्यांचा निबंध १९२२ साली इंग्लंडमधील ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बालपणीचा मुडदूस आणि मोठ्या वयात, विशेषतः स्त्रियांत, आढळणारी अस्थिमृदुता या दोहोंचा त्यांनी एकत्र विचार केला होता.

त्यांचे निष्कर्ष प्रचलित अपेक्षेच्या उलट होते. ज्या घरांत दूध, तूप व चांगले अन्न होते, परंतु स्त्रिया व लहान मुले पडद्यात, घराच्या आतल्या भागात राहत, अशा संपन्न घरांत हा रोग आढळला. मग ती घरे हिंदूंची असोत वा मुसलमानांची. उलट, निकृष्ट अन्नावर गुजराण करणाऱ्या, पण दिवसभर शेतात वा उघड्यावर राबणाऱ्या गरिबांत तो आढळला नाही. अन्न चांगले असणाऱ्यांची हाडे मऊ आणि अन्न नसणाऱ्यांची हाडे मजबूत, हे चित्र केवळ आहाराच्या सिद्धान्ताने उलगडत नव्हते. मोकळी हवा, सूर्यप्रकाश व हालचाल यांच्या अभावाकडे ते स्पष्टपणे निर्देश करीत होते.

हा अभ्यास केवळ वैद्यकीय वादापुरता मर्यादित राहत नाही. नाशिकमध्ये ऊन भरपूर होते. गोदावरीच्या घाटावर, रस्त्यांवर, शेतांवर ते सारखेच पडत होते. तरीही त्याच गावातील काही स्त्रियांची हाडे उन्हावाचून झिजत होती. गावात ऊन असणे आणि अंगावर ऊन पडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा या अभ्यासाचा खरा धडा होय. अस्थिमृदुतेने स्त्रीच्या कटिबंधाची हाडे आत दबली की प्रसूती प्राणघातक ठरू शके. काश्मीरमध्ये काम केलेल्या डॉक्टर कॅथलीन व्हॉन यांनी पडदापद्धतीचा मातृत्वावर होणारा परिणाम याच विषयावर १९२८ साली ग्रंथ लिहिला. एका सामाजिक रूढीची किंमत हाडांत मोजता येते, हे या लेखनातून पुढे आले.

पुढील काही वर्षांत शास्त्रीय उलगडाही झाला. हॅरिएट चिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी युद्धोत्तर व्हिएन्नात माशाचे तेल आणि प्रकाश हे दोन्ही उपाय गुणकारी असल्याचे सिद्ध केले. अमेरिकेत हॅरी स्टीनबॉक यांनी १९२४ साली अन्नपदार्थांवर अतिनील किरण सोडले असता त्यांत मुडदूसरोधक गुण येतो, हे दाखविले. आडोल्फ विंडाउस यांना याच वर्गातील पदार्थांच्या संशोधनासाठी १९२८ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अन्न आणि ऊन हे परस्परविरोधी नसून एकाच पदार्थाकडे, ‘ड’ जीवनसत्त्वाकडे, जाणाऱ्या दोन वाटा आहेत, हे स्पष्ट झाले. १९३२ साली कोपनहेगन येथील आंतरराष्ट्रीय प्रकाश परिषदेत अतिनील किरणांचे ‘अ’, ‘ब’ व ‘क’ असे तीन विभाग ठरविण्यात आले. त्यांपैकी २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचा ‘ब’ विभाग त्वचेत हे जीवनसत्त्व घडवितो.

दवाखान्यातून पेटीकडे

खिडकीची साधी काच दृश्य प्रकाश व उष्णता आत येऊ देते, परंतु अतिनील ‘ब’ किरण जवळजवळ पूर्णपणे अडविते. ही गोष्ट ध्यानात आल्यावर १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये हे किरण आरपार जाऊ देणारी ‘व्हायटा ग्लास’ नावाची काच निघाली. १९२७ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जोन प्रॉक्टर यांच्या कल्पनेनुसार बांधलेले सरपटणाऱ्या प्राण्यांचे नवे गृह खुले झाले. तेथे विजेच्या साह्याने उष्णता व उजेड यांची काळजीपूर्वक योजना करण्यात आली होती. थंड देशांत बंदिस्त प्राणिगृहांमुळे उद्भवलेला हा प्रश्न भारतात तितकासा तीव्र नव्हता. पुण्यात कात्रज येथे १९८६ साली सुरू झालेल्या सर्पोद्यानासारख्या ठिकाणी उघड्या आवारांत प्राण्यांना थेट ऊन मिळू शके.

हा प्रश्न घराघरांत पोहोचला तो सरपटणारे प्राणी काचपेटीत पाळण्याची हौस पाश्चात्त्य देशांत वाढल्यावर. पेटीतील सरड्यांत जबडा मऊ होणे, पाय वाकडे होणे, बोटे थरथरणे, चालताना पोट जमिनीवरून ओढत जाणे ही लक्षणे सर्रास दिसू लागली. पशुवैद्यक त्यांना चयापचयजन्य अस्थिरोग म्हणतात. मराठीत सांगायचे तर तो सरड्याचा मुडदूसच होय. १९९० च्या दशकात खास या प्राण्यांसाठी अतिनील नळ्या बाजारात आल्या. त्यांची रचना घरातील ट्यूबलाइटसारखीच असते. नळीतील पाऱ्याच्या वाफेतून निघणारे किरण आतल्या लेपावर पडतात आणि त्या लेपातून ‘ब’ किरण बाहेर पडतात. फरक लेपात आणि काचेत असतो. साध्या ट्यूबलाइटची काच हे किरण बाहेर पडू देत नाही. त्यामुळे कितीही लख्ख उजेड देणारी साधी ट्यूब किंवा घरगुती एलईडी दिवा या कामी निरुपयोगी ठरतो.

जुना प्रश्न, नवा पुरावा

सरड्याच्या बाबतीतही ‘अन्न की ऊन’ हा वाद पुन्हा उभा राहिला. खाद्यावर ‘ड’ जीवनसत्त्वाची पूड भुरभुरली की दिव्याचा खर्च वाचतो, असे अनेकांना वाटे. २०१० साली नेदरलँड्समधील ओनिन्क्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाढीवाल्या सरड्याच्या पिलांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. केवळ तोंडावाटे जीवनसत्त्व दिलेल्या पिलांपेक्षा अतिनील प्रकाशात वाढलेल्या पिलांच्या रक्तात या जीवनसत्त्वाची रूपे कितीतरी पटींनी अधिक आढळली. दररोज दोन तासांचा योग्य प्रकाशही पुरेसा ठरला. नाशिकच्या अभ्यासात माणसांबद्दल जे दिसले होते, त्याच्याशी हा निष्कर्ष जुळणारा आहे : पोटात जाणारे सारे काही असूनही अंगावर प्रकाश नसेल तर हाडांना आधार मिळत नाही.

यामागील प्रक्रियाही लक्षात घेण्यासारखी आहे. ‘ब’ किरणांनी त्वचेतील एका स्निग्ध पदार्थापासून प्रथम पूर्व-जीवनसत्त्व तयार होते आणि त्याचे ‘ड’ जीवनसत्त्वात रूपांतर अंगाच्या उष्णतेने होते. म्हणून सरड्याला किरण आणि ऊब एकाच जागी मिळावी लागते. प्रकाश प्रमाणाबाहेर झाल्यास तोच प्रकाश जास्तीच्या पूर्व-जीवनसत्त्वाचे निरुपद्रवी पदार्थांत रूपांतर करतो. निसर्गाची ही आपोआप चालणारी मर्यादा पुडीतून दिलेल्या जीवनसत्त्वाला नाही. ते अति झाल्यास शरीरात साठून विषारी ठरू शकते.

मिरजोळ्याचे ऊन आणि योग्य प्रकाशयोजना

मिरजोळे सुमारे १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि पुन्हा ऑगस्टच्या प्रारंभी दुपारी सूर्य येथे थेट डोक्यावर येतो. उन्हाळ्यातील दुपारी येथील अतिनील किरणांची तीव्रता कोणत्याही दिव्याने देऊ नये इतकी प्रखर असते. असे असता येथे दिव्याची गरज काय, असा प्रश्न साहजिक आहे. नाशिकचा धडा येथे उपयोगी पडतो. पेटी घरात, खिडकीच्या काचेआड असेल तर बाहेरचे ऊन त्या प्राण्याच्या लेखी नसल्यासारखेच आहे. शिवाय उन्हात ठेवलेली बंद काचपेटी थोड्याच वेळात भट्टीसारखी तापते व प्राणी दगावू शकतो. जून ते सप्टेंबर या काळात रत्नागिरीच्या आकाशात ढग ठाण मांडतात आणि ३००० मिलिमीटरहून अधिक असलेल्या वार्षिक पावसाचा बहुतांश भाग याच महिन्यांत कोसळतो. कोरड्या प्रदेशातील प्राण्याला तेव्हा बाहेर ठेवणेही हिताचे नसते.

‘कोवळे ऊन’ या कल्पनेचाही येथे विचार करावयास हवा. तान्ह्या बाळाला तेल लावून सकाळच्या कोवळ्या उन्हात धरण्याची रीत मराठी घरांत जुनी आहे. या उन्हाने ऊब मिळते. परंतु सूर्य क्षितिजाजवळ असताना किरणांना वातावरणाचा जाड थर ओलांडावा लागतो व ‘ब’ किरण वाटेतच शोषले जातात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तर हे किरण अल्प आहेत, असा साधा ठोकताळा आहे. सरड्याला उघड्यावर न्यायचे असेल तर दिवस थोडा वर आल्यावर, काचेच्या नव्हे तर जाळीच्या पिंजऱ्यात, अर्धी जागा सावलीत ठेवून आणि सतत लक्ष ठेवून न्यावे.

घरातील व्यवस्थेसाठी आज मोजमापाचा आधार उपलब्ध आहे. सूर्याच्या तीव्रतेसाठी कॅनडात १९९२ साली ‘अतिनील निर्देशांक’ प्रचारात आला. फर्ग्युसन व सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रानातील सरपटणारे प्राणी स्वतः होऊन किती अतिनील प्रकाश घेतात हे मोजून त्यांचे चार गट पाडले. फ्रान्सिस बेन्स व सहकाऱ्यांनी २०१६ साली हीच पद्धत प्राणिसंग्रहालयांसाठी विस्तारली. उघड्यावर ऊन घेणारा दाढीवाला सरडा यांतील वरच्या गटांत बसतो. त्याच्या ऊन घेण्याच्या जागी, पाठीच्या उंचीवर, निर्देशांक साधारण ३ ते ५ असावा आणि पेटीच्या दुसऱ्या टोकाकडे तो शून्यापर्यंत उतरत जावा. प्राण्याला हवा तेव्हा प्रकाश व हवी तेव्हा सावली निवडता आली पाहिजे. गडग्यावरचा सरडा नेमके हेच करतो.

यासाठी पेटीच्या लांबीच्या निम्म्याहून अधिक भाग व्यापणारी, मागे परावर्तक असलेली अतिनील नळी वापरणे सोयीचे ठरते. उष्णतेचा दिवा तिच्या शेजारीच असावा व त्याखालील जागेचे तापमान सुमारे ४० अंश सेल्सिअस असावे. नळी व प्राणी यांच्यामध्ये काच वा प्लॅस्टिक येऊ देऊ नये. बारीक जाळीदेखील बराच प्रकाश अडविते. प्रकाश वरून पडावा, बाजूने डोळ्यांत जाऊ नये. २००० च्या दशकात काही दिव्यांतून नैसर्गिक सूर्यप्रकाशात नसलेल्या आखूड तरंगलांबीचे किरण निघत असल्याचे आढळले होते व त्यांमुळे प्राण्यांच्या डोळ्यांना इजा झाली होती. म्हणून खात्रीचा दिवाच घ्यावा. दिवा दिवसाचे सुमारे बारा तास चालू व रात्री पूर्ण बंद असावा. नळीचा उजेड टिकून असला तरी तिचे अतिनील किरण हळूहळू घटतात. मापक उपकरण नसेल तर उत्पादकाने दिलेल्या मुदतीत, बहुधा सहा महिने ते एक वर्षात, ती बदलावी. पावसाळ्यात वीज गेली म्हणून एखादा दिवस दिवा बंद राहिल्याने बिघडत नाही. महिनोन्‌महिने निकामी नळीवर विसंबणे मात्र घातक ठरते. यासोबत खाद्य-किड्यांवर कॅल्शियमची पूड लागतेच, कारण अशा किड्यांत स्फुरदाच्या मानाने कॅल्शियम फारच कमी असते. प्रकाश हा कॅल्शियमला पर्याय नसून ते आतड्यातून शोषले जाण्याची वाट मोकळी करणारा घटक आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, पाळीव सरड्याच्या पेटीतील दिवा हा चैनीचा भाग नसून त्यामागे मानवी आरोग्याच्या इतिहासातून आलेले ज्ञान आहे. लंडन, बर्लिन व व्हिएन्ना यांबरोबरच नाशिकचाही या ज्ञानात वाटा आहे आणि महाराष्ट्राच्या वैद्यकीय इतिहासलेखनात त्याची अधिक ठळक नोंद होणे आवश्यक आहे. नाशिकच्या माजघरातील स्त्री आणि काचपेटीतील सरडा यांची तुलना करणे हा येथे हेतू नाही. स्त्रीवर रूढीने बंधन घातले होते, तर सरड्याला माणसाने आपल्या हौसेखातर बंद केले आहे. परंतु दोन्ही ठिकाणी ऊन बाहेर भरपूर असूनही अंगापर्यंत पोहोचत नव्हते आणि त्याची नोंद हाडांनी घेतली.

जो प्राण्याला उन्हापासून दूर ठेवतो, त्याच्यावर ते ऊन परत मिळवून देण्याची जबाबदारी येते. ही जबाबदारी पेलण्याची तयारी नसेल तर असा प्राणी न पाळणेच श्रेयस्कर. मिरजोळ्यातील गडग्यावर येणारा सरडा दुरून पाहण्यास कोणताही दिवा लागत नाही.